क्षय : दहांतला एकच का?

जगातल्या साधारण एक चतुर्थांश माणसांच्या शरीराशी क्षयाच्या जंतूची कधी ना कधी गाठ पडलेली आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे दोनशे कोटींच्या आसपास. यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना जन्मात क्षय होत नाही. पाच ते दहा टक्क्यांना होतो, आणि त्यातल्या निम्म्यांना तरी संसर्गानंतरच्या पहिल्या दोनेक वर्षांतच होतो. प्रमाण एवढं कमी असूनही आकडे भयंकर आहेत. २०२३ या एका वर्षात जगभरात १ कोटी ८ लाख लोक क्षयाने आजारी पडले, साडेबारा लाख दगावले, आणि आजारी पडलेल्यांपैकी चारांतला एक भारतातला होता.

एकाच खोलीत, एकाच खोकणाऱ्या माणसासोबत वर्षभर राहिलेल्या चार भावंडांपैकी एकाला क्षय होतो आणि तिघं धडधाकट राहतात. असं का? सोपं उत्तर आपल्याकडे तयार असतं: त्याची रोगप्रतिकारशक्ती कमी पडली. च्यवनप्राशाच्या जाहिरातींपासून करोनाकाळातल्या काढ्यांच्या पाकिटांपर्यंत सगळीकडे हेच गृहीत धरलेलं असतं, की ही शक्ती म्हणजे शरीरातला एक साठा आहे. तो भरला की माणूस सुरक्षित, आटला की आजारी. क्षयाचा अभ्यास सव्वाशेहून अधिक वर्षं काही वेगळंच सांगतो आहे. या रोगात तोकडा प्रतिकार मारतो, तसा अतिरेकी प्रतिकारही मारतो. आणि जंतूला एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला वाट करून देतो तोही बऱ्याच अंशी प्रतिकारच. शरीर जंतूला कसं ओळखतं, कसं अडवतं आणि कुठे फसतं हे शिकायचं तर क्षयासारखा दुसरा गुरू नाही.

या गोष्टीतली दोन्ही पात्रं एकाच वर्षी उजेडात आली. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. त्याच वर्षाच्या अखेरीस सिसिली बेटावरच्या मेसिना गावी इल्या मेचनिकॉफ हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ तारामाशाच्या पारदर्शक अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. त्यांनी एका अळीत काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो अळीच्या अंगातल्या फिरत्या पेशी काट्याभोवती दाटीवाटीने जमलेल्या. बाहेरून आलेल्या वस्तूला गिळून टाकणं हे सजीवांचं फार जुनं काम आहे, हा मेचनिकॉफ यांचा सिद्धांत तिथून निघाला. त्याबद्दल १९०८ साली त्यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत नोबेल मिळालं.

आपल्या फुप्फुसांतही अशा भक्षक पेशी असतात. त्यांना मॅक्रोफेज म्हणतात. क्षयरोगी खोकतो, बोलतो, गातो तेव्हा अतिसूक्ष्म थेंब हवेत तरंगत राहतात. त्यातला एखादा श्वासाबरोबर आत जातो आणि पार फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतो. तिथे पहिली भेट होते ती मॅक्रोफेजशी.

ही पेशी जंतूला ओळखते कशी, हा प्रश्न बरीच वर्षं कुणी नीट विचारलाच नव्हता. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स जेनवे यांनी तो विचारला आणि एक उत्तरही सुचवलं. जंतूंच्या अंगावर काही रसायनं अशी असतात की जी आपल्या पेशींत कधीच नसतात, आणि ती रसायनं हेरणारे ग्राहक आपल्या पेशी जन्मतःच बाळगतात, असं ते म्हणाले. पुढे १९९६ मध्ये ज्यूल्स हॉफमन यांनी फळमाशीत आणि १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांनी उंदरांत असे ग्राहक दाखवून दिले. दोघांना २०११ चं नोबेल मिळालं. जेनवे तोवर हयात नव्हते. या ग्राहकांना टोल सदृश ग्राहक असं नाव आहे. क्षयाच्या जंतूच्या जाड, मेणचट आवरणातली रसायनं यांतल्या काही ग्राहकांना चटकन कळतात. धोक्याची सूचना जाते, ताप आणणारी आणि सूज आणणारी प्रथिनं स्रवू लागतात, रक्तातून आणखी पांढऱ्या पेशी येतात. हा सगळा जन्मजात प्रतिकार. काही तासांत जागा होतो, पण पूर्वी भेटून गेलेल्या जंतूची खास ओळख फारशी ठेवत नाही.

बहुतेक जंतूंची कथा इथेच संपते. मॅक्रोफेज जंतूला एका पिशवीत बंद करते, त्या पिशवीत आम्ल आणि पाचक विकरं ओतते, जंतूचे तुकडे होतात. क्षयाचा जंतू मात्र इथेच घर करतो. १९७१ मध्ये लंडनच्या आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की जिवंत क्षयजंतू असलेली पिशवी विकरांच्या पिशवीत मिसळतच नाही. जंतू ते मीलन थांबवतो. ज्या पेशीने त्याला मारायचं, तिच्याच पोटात तो वाढत राहतो, अगदी सावकाश. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयजंतूला जवळजवळ एक अख्खा दिवस लागतो. हा संथपणा त्याचं मोठं भांडवल आहे. गडबड नाही, गोंगाट नाही, त्यामुळे पुढच्या फळीला वर्दी उशिरा जाते.

ती पुढची फळी लसिका ग्रंथींत असते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ते याच ग्रंथी सुजल्यामुळे. १९७३ मध्ये राल्फ स्टाइनमन यांनी फांद्या फुटलेल्या आकाराच्या एका पेशीचं वर्णन केलं. ही पेशी जंतूचे तुकडे उचलून ग्रंथीत नेते आणि तिथल्या टी पेशींना दाखवते. (स्टाइनमनही २०११ च्या नोबेलचे मानकरी. घोषणेच्या तीन दिवस आधी त्यांचं निधन झालं होतं आणि समितीला त्याची कल्पना नव्हती. मरणोत्तर नोबेल देत नाहीत, पण हे मात्र कायम ठेवलं गेलं.) साध्या फ्ल्यूमध्ये हे वहन दोन-तीन दिवसांत होतं. क्षयात, उंदरांवरच्या प्रयोगांत, आठवडा उलटून जातो. माणसात टी पेशींचा प्रतिसाद चाचणीत दिसायला दोन ते आठ आठवडे लागतात. तेवढ्या काळात जंतूने फुप्फुसात बस्तान बसवलेलं असतं.

टी पेशीला हा विशिष्ट जंतू आधीपासून ठाऊक कसा, याचं उत्तर प्रतिकारशास्त्रातली सर्वांत देखणी कल्पना आहे असं मला वाटतं. पूर्वी समजूत अशी होती की शरीर जंतू बघतं आणि त्याच्या मापाचा प्रतिकार घडवतं. ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये हे उलटं केलं. शरीर माप घेऊन शिवणारा शिंपी नाही. ते तयार कपड्यांचं अवाढव्य दुकान आहे, जिथे गिऱ्हाईक येण्याआधीच प्रत्येक मापाचे एक-दोन सदरे शिवून टांगलेले आहेत. गिऱ्हाईक आलं, एखादा सदरा अंगाला बसला, की त्याच मापाच्या हजारो प्रती निघतात. एवढी मापं येतात कुठून? आपली जनुकं तर वीस-बावीस हजारच. सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवलं की या पेशी आपल्या जनुकांचे तुकडे कापून नव्या क्रमाने जोडतात, आणि त्या जुळवाजुळवीतून कोट्यवधी वेगवेगळे ग्राहक तयार होतात. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी हेच करतात, आणि थायमस ग्रंथीत वाढणाऱ्या टी पेशीही. थायमसचं हे काम जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये उघड केलं. तोवर ती ग्रंथी निरुपयोगी समजली जात होती. आंधळ्या जुळवाजुळवीत स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या पेशीही निपजतात. त्या बहुतेक थायमसमध्येच मारल्या जातात, आणि ज्या निसटतात त्यांना आवरणाऱ्या नियामक टी पेशी असतात. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल या नियामक पेशींवरच्या कामासाठी मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं.

क्षयात निर्णायक ठरतात त्या सीडी-४ या खुणेच्या टी पेशी. त्या ग्रंथीतून फुप्फुसात येतात, जंतू पोटात बाळगून बसलेल्या मॅक्रोफेजला गाठतात आणि इंटरफेरॉन-गॅमा नावाचं प्रथिन सोडतात. त्या इशाऱ्याने मॅक्रोफेज जागी होते, तिची मारण्याची ताकद वाढते, अडलेली विकरं पिशवीत जाऊ लागतात. हा इशारा किती मोलाचा आहे हे निसर्गाने दोन क्रूर प्रयोगांतून दाखवून दिलं. पहिला म्हणजे काही कुटुंबांतली मुलं, ज्यांच्यात इंटरफेरॉन-गॅमाचा ग्राहक जन्मतःच सदोष असतो. १९९६ मध्ये असा दोष पहिल्यांदा जनुकापर्यंत शोधला गेला. या मुलांत क्षयावरची, एरवी निरुपद्रवी, बीसीजी लसही अंगभर पसरते आणि जिवावर बेतते. दुसरा प्रयोग एचआयव्ही. तो विषाणू नेमक्या सीडी-४ पेशी संपवतो. एचआयव्ही नसलेल्या माणसाला आयुष्यभरात क्षय होण्याचा जेवढा धोका, जवळपास तेवढा धोका औषधं न घेणाऱ्या एचआयव्हीबाधिताला वर्षभरात असतो. नव्वदच्या दशकात मुंबईपासून आफ्रिकेपर्यंत हे दोन रोग हातात हात घालून पसरले ते यामुळे.

इथपर्यंत ‘कमी पडलं म्हणून आजार’ हे सोपं उत्तर बरोबर वाटतं.

प्रतिपिंडांबद्दल थोडक्यात, कारण क्षयात त्यांचं काम दुय्यम दिसतं. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी घटसर्प व धनुर्वातावर रक्तद्रवाचा इलाज शोधला, तेव्हापासून रोगाला उत्तर म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं असा समज रुजला. धनुर्वाताचं विष रक्तात मोकळं फिरतं, प्रतिपिंडं त्याला धरतात. क्षयाचा जंतू पेशीच्या आत बसतो, तिथे ती पोचत नाहीत. संसर्ग झालेल्यांत ती सापडतात, न झालेल्यांतही सापडतात, आणि त्यावरून रोग आहे की नाही हे ठरत नाही. तरीही ‘रक्ताची टीबी टेस्ट’ म्हणून प्रतिपिंडांच्या तपासण्या भारतात वर्षानुवर्षं जोरात विकल्या गेल्या. गावोगावच्या प्रयोगशाळांत लोकांनी त्यावर पैसे घातले, नको ती औषधं घेतली, किंवा हवी ती घेतली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये या तपासण्या वापरू नका असं स्पष्ट बजावलं आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. प्रतिकारशास्त्राचं अर्धं ज्ञान बाजारात काय करतं याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

हातावर टोचून करायची चाचणी मात्र टी पेशींची आहे, आणि तिचा जन्म एका फजितीतून झाला. कॉख यांनी १८९० मध्ये ट्युबरक्युलिन नावाचं औषध जाहीर केलं. क्षयजंतूंचा तो अर्क होता. हजारो रुग्ण बर्लिनकडे धावले. टोचल्यावर रुग्णांना सणकून ताप आला, गाठी सुजल्या, काहीजण दगावले, बरं कुणी फारसं झालं नाही. औषध म्हणून ते बुडालं, पण त्या तापातच एक खूण होती: ज्याच्या शरीराने जंतू आधी पाहिला आहे, तोच अर्कावर असा पेटतो. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०७ मध्ये त्यावरून त्वचेची चाचणी बेतली, आणि पुढच्याच वर्षी शार्ल मांटू यांनी तिला आजचं रूप दिलं. कातडीत थोडा अर्क टोचायचा, दोन-तीन दिवसांनी उठलेली कठीण गांधी मिलिमीटरमध्ये मोजायची. ही गांधी म्हणजे जमा झालेल्या टी पेशी. बीसीजी घेतलेल्यांतही ती उठू शकते, ही तिची अडचण. लस बनताना बीसीजीच्या जंतूने जे जनुकांचे तुकडे गमावले, त्यांवरची प्रथिनं वापरून ही अडचण आता दूर करता येते. अशी त्वचेची नवी चाचणी पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. पण जुनी असो वा नवी, ही चाचणी शरीराने जंतू पाहिला आहे एवढंच सांगते. तो आत जिवंत आहे की मेला, उद्या उठेल की नाही, यावर ती मुकी आहे.

आता खरा गुंता. टी पेशी आल्यावर जंतू बसलेल्या मॅक्रोफेजभोवती पेशींचे थर जमतात. मध्ये संसर्ग झालेल्या पेशी, भोवती नव्या मॅक्रोफेज, बाहेर टी आणि बी पेशींचं कडं. याला ग्रॅन्युलोमा म्हणतात, आपण सरळ गाठ म्हणू. मानेत झाल्या की त्या आपल्या जुन्या वैद्यकातल्या गंडमाळांसारख्या दिसतात. फुप्फुसात झाल्या, भरल्या आणि चुना साठून कडक झाल्या, की एक्स-रे बघून डॉक्टर म्हणतात, जुना डाग आहे. शंभर वर्षं पाठ्यपुस्तकांत असंच होतं, की गाठ म्हणजे शरीराने जंतूभोवती बांधलेला तट. हे अर्धसत्य आहे हे कळलं ते एका इवल्याशा माशामुळे.

झेब्रा मासा लहानपणी पारदर्शक असतो आणि त्याला क्षयजंतूच्या एका भावंडाचा रोग होतो. ललिता रामकृष्णन (बडोद्याला वैद्यकीचं शिक्षण, आता केंब्रिजला) यांनी जिवंत माशांत गाठ तयार होताना रोजच्या रोज पाहिली. २००९ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की सुरुवातीच्या गाठीत नव्या मॅक्रोफेज येतात, मेलेल्या संसर्गित पेशी गिळतात, आणि जंतूला राहायला नवी घरं मिळतात. त्यांतल्या काही पेशी तिथून निघून दुसरीकडे गाठ सुरू करतात. तटबंदी म्हणून जमलेली फौज जंतूची वाहनं झाली. जंतू एका प्रथिनाच्या साहाय्याने ही येजा मुद्दाम वाढवतो, आणि बीसीजीच्या जंतूत नेमकी हीच यंत्रणा गळालेली आहे. याच गटाने पुढे सूज आणणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाचं मोजमाप केलं. टीएनएफ फार कमी असलेल्या माशांत जंतू मोकाट वाढले. फार जास्त असलेल्या माशांत मॅक्रोफेज आधी जंतू मारू लागल्या, मग स्वतःच फुटल्या, आणि जंतू बाहेर पडून तरारले. दोन टोकांना निकाल एकच.

माणसात कमी टीएनएफचं टोक औषधांनी दाखवलं. संधिवात आणि आतड्याच्या दाहावर टीएनएफ रोखणारी इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शनं १९९८ पासून आली. २००१ मध्ये अमेरिकेत ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, ज्यांना हे औषध सुरू केल्यावर क्षय झाला. बहुतेकांना पहिल्या दोन-तीन मात्रांनंतरच. वर्षानुवर्षं निपचित पडलेले जंतू गाठीचा बंदोबस्त सैल होताच उठले. तेव्हापासून असं इंजेक्शन सुरू करण्याआधी क्षयाची चाचणी करून घेतात.

दुसऱ्या टोकाची साक्ष मला जास्त बोलकी वाटते. टी पेशींवर पीडी-१ नावाचा एक लगाम असतो, जो त्यांचा मारा आवरतो. कर्करोगावरची काही नवी औषधं हा लगाम काढतात, म्हणजे टी पेशींना मोकळं सोडतात. साठ्याच्या हिशेबाने अशा रुग्णांत क्षय मागे हटायला हवा. उलट काहींच्या अंगात दबलेला क्षय डोकं वर काढतो. पीडी-१ नसलेल्या उंदरांना क्षयाचा संसर्ग दिला तर ते साध्या उंदरांपेक्षा फार लवकर मरतात, आणि त्यांच्या फुप्फुसांत सीडी-४ पेशी उतू जात असतात. ‘इम्युनिटी बूस्टर’ विकणाऱ्या कुणीही हा प्रयोग आपल्या जाहिरातीत छापणार नाही.

मेंदूच्या आवरणाच्या क्षयात तर डॉक्टर प्रतिकार मुद्दाम दाबतात. कवटीत जागा नसते, सुजेनेच माणूस जातो. २००४ मध्ये व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत क्षयाच्या औषधांसोबत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिल्यावर मृत्यूचं प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आलं. एचआयव्हीच्या रुग्णाला उपचार सुरू करून त्याच्या सीडी-४ पेशी परत वाढू लागल्या की कधी कधी त्याचा क्षय एकाएकी बळावल्यासारखा दिसतो. जंतू वाढलेले नसतात. त्यांना ओळखणाऱ्या पेशी परत आलेल्या असतात.

आणि फुप्फुसातली पोकळी? मोठ्या माणसाच्या क्षयात गाठीचा मधला भाग चीजसारखा मऊ होऊन वितळतो आणि श्वासनलिकेत फुटतो. मागे खड्डा उरतो. त्या खड्ड्यात भरपूर हवा आणि कोट्यवधी जंतू, आणि प्रत्येक खोकल्याबरोबर ते बाहेर. हा खड्डा जंतूच्या एखाद्या विषाने पडत नाही. आपल्याच पेशींची विकरं फुप्फुसाचा सांगाडा विरघळवतात. एचआयव्हीने टी पेशी जवळजवळ संपलेल्या रुग्णांत असे खड्डे कमी पडतात. क्षय त्यांना मारतो, पण ते इतरांना तुलनेने कमी संसर्ग देतात. जंतूच्या दृष्टीने पाहिलं तर पसरण्यासाठी त्याला धडधाकट, चिडलेला प्रतिकारच लागतो. २०१० मध्ये जगभरातल्या २१ क्षयजंतूंच्या जनुकांची तुलना झाली तेव्हा एक चक्रावणारी गोष्ट दिसली. फ्ल्यूचा विषाणू किंवा हिवतापाचा परजीवी ओळख चुकवण्यासाठी सतत रूप बदलतात. क्षयजंतूचे जे तुकडे टी पेशी ओळखतात, तेच त्याच्या जनुकसंचात सर्वांत कमी बदललेले निघाले. ओळखलं जाण्याचं त्याला भय दिसत नाही. बहुधा त्यात त्याचा फायदाच असावा.

औषधं येण्याआधी या सगळ्याचा भार एकट्या शरीरावर होता. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षंही पुरी होण्याआधी, पुण्यात क्षयाने गेल्या. जंतू सापडून पाच वर्षं झाली होती, उपाय कुणाकडेच नव्हता. मिरज, पाचगणी इथली आरोग्यधामं पुढे याच हिशेबाने चालली: विश्रांती, मोकळी हवा, दूध-अंडी, आणि शरीराने जमवून घ्यावं ही आशा. काहींचं जमलंही. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं, मग इतर औषधं. १९५६ पासून मद्रासमध्ये झालेल्या प्रसिद्ध अभ्यासात घरीच राहून औषधं घेणारे रुग्ण आरोग्यधामात ठेवलेल्यांइतकेच बरे झाले, घरी राहिलेल्यांचं जेवण बरंच निकृष्ट असूनही. त्यातून आहाराला महत्त्व नाही असा सोयीचा निष्कर्ष निघाला आणि तो फार काळ टिकला.

माझ्या मते त्यात दोन प्रश्नांची गल्लत झाली. झालेला क्षय औषधं बरा करतात. क्षय होणार की नाही हे ठरवण्यात पोटाचा वाटा मोठा आहे. उपासमारीत थायमस आकसते, टी पेशी घटतात. याचा रोख पुरावा २०२३ मध्ये झारखंडमधून आला. अनुराग भार्गव, माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांच्या घरच्या १० हजारांहून अधिक माणसांचा माग ठेवला. काही घरांत फक्त रुग्णाला शिधा दिला, काहींत सगळ्या कुटुंबाला. दर माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. सगळ्या कुटुंबाला शिधा मिळालेल्या घरांत नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला, थुंकीत जंतू सापडणारा संसर्गजन्य प्रकार ४८ टक्क्यांनी. कुठल्याही महागड्या लसीच्या चाचणीला हेवा वाटावा असा हा निकाल आहे. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला आधी ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये मिळतात; झारखंडचा धडा मात्र रुग्णासोबत एका ताटात जेवणाऱ्यांबद्दलचा होता. इथे प्रतिकार ‘वाढवला’ असं म्हणायचं असेल तर म्हणावं. पण उपाशी शरीराची तूट भरून काढणं वेगळं, आणि भरल्या पोटाच्या माणसाने वर आणखी काही गिळणं वेगळं.

राहिली लस. कॅलमेट आणि गेरँ यांनी लील शहरात १९०८ पासून तेरा वर्षं गाईच्या क्षयजंतूचं २३० वेळा पुनर्रोपण करून तो दुबळा केला, आणि १९२१ मध्ये पहिल्या बाळाला तो दिला. आपल्या डाव्या दंडावरचा व्रण तो. बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून चांगलं वाचवते, आणि तेवढ्यासाठी ती जन्मल्या बाळाला द्यायलाच हवी. मोठ्यांच्या फुप्फुसांच्या क्षयाचं काय? ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांत तिने मोठं संरक्षण दिलं होतं. तमिळनाडूतल्या चिंगलपट जिल्ह्यात १९६८ पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर जगातली सर्वांत मोठी चाचणी झाली, आणि निकाल शून्य निघाला. मातीपाण्यातल्या क्षयजंतूच्या निरुपद्रवी भाऊबंदांशी आपल्याकडे लहानपणापासून संबंध येतो, त्यामुळे लसीला नवं शिकवायला जागा उरत नाही, हे त्याचं एक मान्य स्पष्टीकरण. तरी प्रौढांना पुन्हा बीसीजी देऊन पाहण्याचा अभ्यास २०२४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत सुरू झाला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या अशाच पुनर्लसीकरणाने आधी आशा दाखवली होती, मोठ्या चाचणीत ती टिकली नाही.

नव्या लसी बनवणाऱ्यांची पंचाईत अशी, की निशाण कशावर धरायचं हेच ठरत नाही. गोवराच्या लसीनंतर रक्तात अमुक इतकी प्रतिपिंडं दिसली की मूल सुरक्षित, असं म्हणता येतं. क्षयात असा एकही आकडा नाही. एमव्हीए-८५-ए या लसीने इंटरफेरॉन-गॅमा सोडणाऱ्या टी पेशी वाढवल्या, प्रयोगशाळेत सगळं सुरेख दिसलं. २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे २८०० बाळांवरच्या चाचणीत ती निरुपयोगी ठरली. उलट माकडांना बीसीजी कातडीऐवजी थेट शिरेतून दिली तर दहांपैकी नऊ सुरक्षित राहिली, हे २०२० मध्ये दिसलं. लस तीच होती. टी पेशी कुठे जाऊन बसतात एवढंच बदललं होतं. सध्या डोळे लागले आहेत एम-७२ कडे. आफ्रिकेतल्या तीन देशांत, आधीच संसर्ग असलेल्या प्रौढांत तिच्या तीन वर्षांच्या निकालात लस मिळालेल्या गटात १३ जणांना आणि न मिळालेल्या गटात २६ जणांना क्षय झाला. अर्धा धोका गेला. आकडे लहान आहेत, म्हणून २०२४ च्या मार्चमध्ये सुमारे २० हजार लोकांची चाचणी सुरू झाली.

तोवर रुग्णाच्या घरच्यांसाठी हाती आहे तो प्रतिबंधक गोळ्यांचा उपाय: आठवड्यातून एकदा, बारा आठवडे, किंवा रोज एक, सहा महिने, आधी एक्स-रे काढून क्षय झालेला नाही याची खात्री करून. आशाताई ही पाकिटं घेऊन दारात येतात तेव्हा ऐकावं लागणारं वाक्य ठरलेलं असतं, ‘आम्हाला काही झालेलं नाही, मग गोळ्या कशाला?’ घरातल्या कोणाच्या फुप्फुसात गाठ निमूट बसून राहील आणि कोणाची फुटेल हे आधी सांगणारी तपासणी आज एकाही प्रयोगशाळेत नाही, म्हणून सगळ्यांनाच.